फाटकाबाहेर बसलेल्या भिवराबाई

नवीन मुलगा आला की भिवराबाई त्याला एकच गोष्ट विचारायच्या. "तुह्या दारात कोनतं झाड हाय रे?"

नाव नाही, गाव नाही, गुन्हा तर मुळीच नाही. मुलगा गोंधळायचा. आमच्या निरीक्षणगृहाच्या फाटकातून आत येईपर्यंत त्याला पोलिसांनी, बाल न्याय मंडळानं, डॉक्टरांनी आणि शेवटी मी, इतक्या जणांनी इतकं विचारलेलं असायचं की सगळी उत्तरं त्याला पाठ झालेली असायची. झाडाचं उत्तर मात्र त्याच्याकडे तयार नसायचं. तो जरा वेळ छताकडे बघायचा आणि मग हळूच सांगायचा, "बोर." "जांभूळ." "मोहाचं होतं, पण ते काकाच्या हिश्शात गेलं." त्या दिवसापासून भिवराबाईंच्या लेखी तो बोरवाला, जांभूळवाला, मोहवाला. खरी नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत. मला तर वाटतं, त्या राहू द्यायच्या नाहीत.

मी तिथे परिविक्षा अधिकारी होते. अठरा वर्षांखालच्या ज्या मुलांवर गुन्ह्याचा आरोप आहे, ती त्यांचं प्रकरण मंडळापुढे चालू असेपर्यंत निरीक्षणगृहात राहतात. हे जेल नाही, असं आम्ही पालकांना सांगायचो. पण खिडक्यांना जाळ्या होत्या, फाटकाला कुलूप होतं आणि फाटकावर रामटेके भाऊ होते. चंद्रपूर आणि गडचिरोली, दोन्ही जिल्ह्यांतली मुलं यायची. कोणी कोळसा खाणीच्या वसाहतीतला, कोणी अहेरीच्या पलीकडचा, ज्याला गोंडीशिवाय धड काही बोलता यायचं नाही. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, आणि मुलाचं जे एक नाव पुढे येईल तेही खरं नाही.

भिवराबाई आमच्याकडे आल्या त्या रोपं घेऊन. पावसाळ्यात वृक्षारोपणाचा कार्यक्रम होता. वनखात्याच्या नर्सरीतून टेम्पो आला. त्यात मागे रोपांच्या मधोमध, एका हातानं फळी धरून, एक साठीची बाई बसली होती. काळी, सडपातळ, गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. पाहुणे आले, भाषणं झाली, फोटो झाले. एकेकानं एकेक रोप खड्ड्यात ठेवलं, वरून माती लोटली, हात धुतले आणि चहा घेऊन सगळे निघून गेले. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. पण बाई खड्ड्यांपाशी बसल्या त्या उठेनात. त्यांनी पहिलं रोप खड्ड्यातून वर काढलं. मुळांभोवतीची काळी प्लास्टिकची पिशवी तशीच होती. दुसरं काढलं, त्यालाही पिशवी. सगळ्या रोपांना पिशव्या.

"पिशवीसकट गाडलं बापा!" त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "मॅडम, हे वाढन कुठी? मुळं काय प्लास्टिक खातीन?"

मी ओशाळले. त्यातलं एक रोप मीही लावलं होतं. टेम्पो त्यांना सोडून निघून गेला. त्या एकट्या चिखलात बसून एकेक रोप उकरून, नखानं पिशवी फाडून, परत लावत राहिल्या. व्हरांड्याच्या जाळीमागे मुलं उभी होती. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "बाई, मी येऊ का?" मी अधीक्षकांकडे बघितलं. ते भले गृहस्थ, पण सतत धास्तावलेले. त्यांनी दोन बोटं वर केली. दोन मुलं बाहेर आली. संध्याकाळपर्यंत ती दोनाची सात झाली होती आणि अधीक्षकांनी मोजणं सोडून दिलं होतं.

जाताना भिवराबाईंनी मला विचारलं, "मी येत जाऊ का हप्त्यातून दोनदा? नर्सरीतलं काम या महिन्यात सुटते माहं. घरी बसून करू काय?"

मी अर्ज लिहून दिला. त्यांना स्वतःचं नाव तेवढं लिहिता यायचं, तेही 'भि' ची वेलांटी उलटी काढून. नर्सरीच्या जुन्या वनपालांनी चांगल्या वर्तणुकीचं पत्र दिलं. मंगळवार आणि शुक्रवार ठरले. पगार नाही, मानधन नाही. कुरखेड्याकडचं त्यांचं गाव. नवरा गेल्यावर त्या लेकीकडे, याच गावात, राहायला आल्या होत्या. नर्सरीत तीस वर्षं रोजंदारीवर पिशव्या भरल्या, एवढीच त्यांची नोकरी.

रामटेके भाऊ आणि त्या यांचं भांडण पहिल्याच मंगळवारी सुरू झालं आणि ते शेवटपर्यंत चाललं. खर्रा आत नेता यायचा नाही. रामटेके हात पुढे करायचे. भिवराबाई कमरेची पुडी काढून त्यांच्या हातावर आपटायच्या. "मोजून ठेवजो. मागच्या बारीले अर्धा तूच खाल्ला."

"बाई, मी खात नाई."

"मग दात काऊन लाल हायेत तुहे?"

जाळीमागची मुलं या क्षणाची वाट बघत असायची.

इमारतीमागची जागा म्हणजे बांधकामाचा मलबा होता. विटांचे तुकडे, सळ्या, चुन्याची ढेकळं. खुरपी, कुदळ काही आत न्यायची परवानगी नव्हती. अवजार म्हटलं की अधीक्षकांचा चेहरा उतरायचा. भिवराबाईंनी वाद घातला नाही. पूर्ण पावसाळा त्यांनी मुलांबरोबर हातानं विटा वेचल्या. बांबूच्या काड्यांनी माती उकरली. हिवाळ्यात त्या जागेत सांभार उगवला, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. स्वयंपाकीणबाईंनी तो वरणात घातला त्या दिवशी पोरांनी वरण दोनदा मागून घेतलं.

त्यांची शिकवायची पद्धत म्हणजे पिशवी भरणं. माती, रेती, शेणखत कालवायचं आणि काळ्या पिशवीत भरायचं. मला वाटलं होतं, यात काय शिकायचं? मी एक भरून दाखवली. त्यांनी ती हातात घेऊन अंगठ्यानं दाबली आणि परत ओतून टाकली. "लय ठासली. मुळाले वाट पाहिजे ना." दुसरी भरली, ती सैल झाली. "आता हे पानी घातलं का बसन खाली." मुलं हसायला लागली. मॅडमना जमत नाही म्हटल्यावर प्रत्येकाला ते जमवायचंच होतं. अहेरीकडचा तो गोंडी बोलणारा मुलगा, जो महिनाभर माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता, त्याची पिशवी पहिल्याच खेपेला बरोबर आली. भिवराबाईंनी ती सगळ्यांना हातात घेऊन बघायला लावली. त्यांना कामापुरती गोंडी येत होती. त्या त्याला काहीतरी म्हणाल्या आणि तो लाजून मान खाली घालून हसला. काय म्हणालात, मी विचारलं. "म्हटलं, तुह्या मायनं चांगला हात देल्ला तुले."

एक बारकासा मुलगा होता, तेरा वर्षांचा. त्यानं बरबटीचं, म्हणजे चवळीचं, बी लावलं होतं. रोज सकाळी जाऊन तो ते उपटून बघायचा, मूळ फुटलं का ते, आणि परत खोचून ठेवायचा. ते काही वाढेना. भिवराबाईंनी त्याला रंगेहाथ पकडलं. "काऊन रे? रोज उपटून पाह्यतं? तुले कोनी असं रोज वर काढून पाह्यलं तं तू वाढशील काय?" सगळे हसले. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि हसत नव्हत्या. "मॅडम, तुमीबी तेच करता. दर सोमवारी पोट्ट्याले खोलीत बोलावता अन् तेच इचारता. काऊन केलं, कोनासंग केलं, आता पस्तावा होते का. लागू द्या ना त्याले जरा मातीत."

मला राग आला. माझं काम होतं ते. मला मंडळापुढे अहवाल द्यायचा असायचा. पण पुढच्या सोमवारी मी त्या मुलाला खोलीत न बोलावता मागच्या जागेत गेले आणि त्याच्या शेजारी बसून तण काढलं. अर्ध्या तासानं त्यानं आपण होऊन सांगितलं की त्याची आई विटाभट्टीवर गेली आहे आणि तिला तो इथे आहे हेच माहीत नाही. तीन महिने माझ्या फॉर्ममध्ये त्या रकान्यात 'आई हयात, संपर्क आहे' असं लिहिलेलं होतं.

दुसऱ्या वर्षी आठ खुरप्यांना परवानगी मिळाली. भिवराबाई आठ मोजून द्यायच्या, आठ मोजून घ्यायच्या.

त्याच सुमाराला मंगेश आला. सतरा वर्षांचा, वसाहतीतला, दोन टोळक्यांच्या मारामारीत एका पोराचा हात मोडल्याचा आरोप. आल्या आल्या त्यानं जाहीर केलं की बायकांची कामं तो करणार नाही. भिवराबाईंनी त्याला दारातल्या झाडाचं विचारलं.

"झाड कायचं? आमच्या दारात नाली हाय."

"बरं. नालीवर काय उगवते?"

त्यानं हा प्रश्न अपेक्षिला नव्हता. "धोपा," तो म्हणाला.

धोपा म्हणजे अळू. पुढच्या शुक्रवारी भिवराबाईंनी कमरेच्या पुरचुंडीतून धोप्याचे चार कंद आणले. न्हाणीघराचं पाणी जिथे वाहून जायचं तिथे त्याला नेऊन उभं केलं. "हे तुहं. लाव, नाई तं फेक." आणि त्या निघून गेल्या. त्यानं ते संध्याकाळपर्यंत तिथेच पडू दिले. शनिवारी सकाळी बघितलं तर ते लावलेले होते. दोन महिन्यांनी स्वयंपाकघरात धोप्याच्या वड्या झाल्या, तेव्हा ताट घेऊन तो प्रत्येकाला विचारत होता, "घसा खवखवते का? नाई ना? माहा धोपा खवखवत नाई."

आणि मग मे महिन्यातल्या एका मंगळवारी भिवराबाईंनी खुरप्या मोजल्या तर सात भरल्या.

त्यांनी परत मोजल्या. सातच. अधीक्षकांनी सगळ्या मुलांना व्हरांड्यात उभं केलं. गाद्या उलटल्या, पेट्या उघडल्या, न्हाणीघर, पाण्याची टाकी, सगळं बघितलं. खुरपी नाही. ती खुरपी म्हणजे एक पातं होतं, आणि ज्या घरात तीस मुलं रात्री एका सभागृहात झोपतात तिथे एक पातं कोणाकडे तरी होतं. अधीक्षक म्हणाले, "संपलं. आजपासून बाग बंद." त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. सभागृहात दोन जादा माणसं झोपायला लावली आणि त्या रात्रीपासून आम्ही सगळेच धड झोपलो नाही.

भिवराबाई खाली मान घालून उभ्या होत्या. "मोजनी माही होती," त्या म्हणाल्या. "चूक माही. ते सापडत नाई तोवर मी आत पाय ठेवत नाई."

मला वाटलं, गेल्या. पण शुक्रवारी दहा वाजता रामटेके माझ्या खोलीत आले. "मॅडम, बाई आल्या. पन आत येत नाईत."

मी फाटकाशी गेले. रस्त्याच्या कडेला, फाटकासमोर, त्या उन्हात मातीवर बसल्या होत्या. डोक्यावर पदर. आमच्याकडचा मे महिना ज्यांनी पाहिला आहे त्यांना मी काय सांगू? दहा वाजता हवा तव्यासारखी तापलेली असते. पलीकडे कडुनिंबाची सावली होती. पण तिथून व्हरांडा दिसत नव्हता आणि व्हरांड्यातून त्या दिसल्या नसत्या.

"बाई, हे काय? आत तरी या, नाहीतर घरी जा."

"आत येत नाई, सांगतलं ना."

अधीक्षक स्वतः आले. ऊन लागेल, काही झालं तर आमच्यावर येईल, म्हणाले. भिवराबाईंनी वर बघितलं. "साहेब, रस्ता तं सरकारचा हाय."

रामटेकेंनी खुर्ची आणली. ती त्यांनी घेतली नाही. पाणी घेतलं. साडेबारापर्यंत, म्हणजे त्यांची रोजची वेळ संपेपर्यंत, त्या बसल्या आणि उठून गेल्या. मंगळवारी परत. पुढच्या शुक्रवारी परत. आत बाग वाळत होती. मुलांना मागे जायची बंदी होती. कर्मचारी जमेल तसं पाणी मारायचे, पण त्या उन्हाला ते पुरत नव्हतं. वांग्यांनी माना टाकल्या.

एका मंगळवारी मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. मला राग आला होता आणि भीतीही वाटत होती. "बाई, खरं सांगा, हा मुलांवर दबाव आहे ना? तुम्हाला उन्हात बसलेलं बघून कोणीतरी कबुली देईल, असंच ना?"

त्यांना माझं बोलणं समजलंच नाही असं वाटलं. "दबाव कायचा? आज मंगळवार हाय ना मॅडम. मंगळवारी अन् शुक्कारी येईन म्हनून सांगतलं होतं पोट्ट्यायले. आत नाई येता येत तं इथवर तं येता येते." मग थोडं थांबून म्हणाल्या, "येतो सांगून न येनारे लय पाह्यले त्यायनं. त्यात मी काऊन एक वाढू?"

मी व्हरांड्याकडे बघितलं. जाळीमागे मुलं दाटून उभी होती.

तिसऱ्या शुक्रवारी अकराच्या सुमाराला मंगेश माझ्या दाराशी आला. त्याचे हात कोपरापर्यंत खतानं माखलेले होते. त्यानं टेबलावर खुरपी ठेवली. बागेतल्या खताच्या खड्ड्यात, तळाशी पुरली होती; पाणी मारणाऱ्यांची नजर चुकवून त्यानं ती उकरून आणली होती. तिथे कोणी हात घालणार नाही हे त्याला माहीत होतं. ज्याचा हात मोडला होता त्याच्या टोळीतलाच एक मुलगा, खुरपी हरवली त्या आठवड्यात, आमच्याकडे दाखल झाला होता आणि पहिल्याच दिवशी त्यानं मंगेशला सांगितलं होतं, झोपेत बघतो तुझ्याकडे. आम्हाला कोणालाच याचा पत्ता नव्हता.

"काय करणार होतास तू या खुरपीचं?"

"मालूम नाई." तो म्हणाला. "मॅडम, माहं काय करायचं ते करा. पैले तिले आत घ्या. ऊन लय हाय."

त्या दुसऱ्या मुलाला आम्ही त्याच दिवशी वेगळ्या ठिकाणी हलवलं. मंगेशबद्दल मी मंडळाला जे घडलं ते सगळं लिहिलं. त्यानं पातं लपवलं हेही, आणि त्यानं स्वतः आणून दिलं हेही. दुसरं वाक्य लिहिताना मला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला. मंडळानं त्याला समज दिली आणि ते प्रकरण तिथेच मिटवलं. अधीक्षकांनी बाग परत उघडली. यासाठी मी त्यांना कायम मानत आले. घाबरणाऱ्या माणसानं धीर करणं सोपं नसतं.

मी फाटकाबाहेर जाऊन सांगितलं, खुरपी सापडली. नाव सांगायला लागले तर भिवराबाईंनी हात आडवा केला. "नाव नका सांगू. मले त्याच्यासंग काम करा लागते." पण मंगेशनं स्वतःच सांगितलं, मागच्या जागेत, सगळ्यांसमोर. मला वाटलं, आता त्या त्याच्या डोक्यावरून हात फिरवतील. छे! त्या अशा संतापल्या की रामटेके धावत आले.

"खुरपी नेली ते समजलं. भेव वाटलं असन. पन तोंड उघडाले तीन हप्ते? वांगी मेली ना माही! कोनी भरून देईन?" दोन खेपा त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या खेपेला त्याच्यासमोर वांग्याच्या बियांची पुडी ठेवली आणि पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. त्यानं वाफा केला, बी टाकलं, रोपं केली, लावली. ती फळाला यायच्या आत त्याची सुटका झाली. जायच्या दिवशी तो रोपांना पाणी घालून गेला. भिवराबाई त्याला म्हणाल्या, "घरी येजो माह्या. जेवून जाजो." त्या सुटणाऱ्या प्रत्येकाला हे म्हणायच्या. मी त्यांना एकदा समजावलं होतं की असं घरचं बोलावणं नियमात बसत नाही. "मी कुठी तुमच्या नोकरीत हाय?" एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

त्यानंतर त्या सहा वर्षं आल्या. गुडघे दुखायला लागल्यावर रामटेकेंनी दिलेल्या त्याच खुर्चीवर बसून त्या शिकवायच्या. मुलं बदलत राहिली. बागेत दरवर्षी काहीतरी मरायचं आणि काहीतरी जगायचं. त्या दोन्हींचं फार कौतुक करायच्या नाहीत.

गेल्या हिवाळ्यात लागोपाठ दोन वार त्या आल्या नाहीत. मी फोन केला. लेकीनं, सुनंदानं, उचलला. "आई गेली मॅडम. शनिवारी. दम लागला, दवाखान्यात नेलं, पन..." मुलांना सांगायचं काम माझ्यावर आलं. मी त्यांना मागच्या जागेत घेऊन गेले आणि सांगितलं. एकानं विचारलं, "मंगळवारी आता कोन येईन?"

"मी येईन," मी म्हणाले. म्हणताना मला कळलं की मी आता बांधले गेले आहे.

तेरवीला मी गेले. दोन खोल्यांचं घर, बाहेर मांडव, पंगती चालू होत्या. सुनंदानं माझे हात धरले. "तुमी नर्सरीतल्या मॅडम ना? आई लय सांगे तुमचं. एवढं वय झालं, पन मंगळवार-शुक्कार नर्सरीत जायचं म्हंजे जायचं. आमी म्हनो, काम सुटलं ना आता, तं म्हने, नाई, पोट्टे वाट पाह्यतात."

मी बोलायला तोंड उघडलं आणि थांबले. या घरात कोणालाही निरीक्षणगृहाचं माहीत नव्हतं.

हात धुवायला मी मांडवामागे गेले. बादलीतून पाणी घालणाऱ्या तरुणाकडे बघितलं, तर मंगेश. भरदार झाला होता, बारीक मिशी राखली होती. त्यानं मला ओळखलं आणि तांब्या त्याच्या हातात तसाच राहिला. त्याच्यामागे आणखी तीन-चार तरुण भाताचं पातेलं उचलत होते. त्यातले दोन चेहरे मी ओळखले.

"मॅडम," तो अगदी हळू म्हणाला, "बाईनं घरी सांगतलंच नवतं. मी एकदा इचारलं, काऊन? तं म्हने, खरं सांगतलं तं तू जेवाले आल्यावर लोक पाह्यतीन तुह्याकडे, इचारतीन कोनता गुन्हा केला. नर्सरी म्हटलं का कोनी काई इचारत नाई." त्यानं पलीकडे बायकांत बसलेल्या एका मुलीकडे बघितलं. नवी नवरी होती. "माही बायको हाय ते."

मी पंगतीत जाऊन बसले. सुनंदाचा नवरा समोर आला. पातेलं घेऊन रांगेतून येणाऱ्या मंगेशकडे बोट करून त्यानं सहज विचारलं, "मॅडम, तुमी ओळखता का याले? सासूबाईच्या माघारी सगळं यानंच केलं. सख्खं कोनी एवढं करत नाई. कुठचा हा?"

मंगेश माझ्यासमोर येऊन थांबला होता. त्याची बायको मान वर करून आमच्याकडे बघत होती. वाढणारे थांबले की पंगत जशी थांबते, तशी ती क्षणभर थांबली.

"ओळखते ना," मी म्हणाले. "आमच्याच नर्सरीतला आहे."

"भात घ्या मॅडम," मंगेश म्हणाला. मी सवयीनं पत्रावळीवर हात आडवा धरला होता. तो हात मी काढून घेतला, आणि मंगेश वाढत राहिला.